निमूट मूल आणि निरोगी मूल : बालकांच्या मनोविकार-औषधोपचाराविषयीच्या चिंतेचा अमेरिकेतील इतिहास (१९३७ ते २०१५)

प्रस्तावना

मुलाच्या औषधोपचारात तक्रार बहुधा शिक्षकाची असते, निदान डॉक्टरांचे असते, संमती पालकांची असते आणि औषध मात्र मुलाच्या पोटात जाते. ताप, खोकला किंवा मोडलेले हाड यांच्या बाबतीत या व्यवस्थेतून विशेष अडचण उद्भवत नाही. ताप उतरला की नाही हे तापमापक सांगतो आणि ताप उतरल्याचा आनंद मुलालाही होतो व आईवडिलांनाही होतो. मनोविकारांवरील औषधांचे तसे नाही. तेथे तापमापक नाही. मुलाच्या भोवती वावरणाऱ्या मोठ्या माणसांचे निरीक्षण हेच तेथे मापनाचे प्रमुख साधन आहे. मूल शांत बसू लागले तर ते बरे झाले, की केवळ इतरांना सोयीचे झाले, हा प्रश्न म्हणूनच या औषधांच्या इतिहासात आरंभापासून उभा राहिलेला दिसतो.

प्रस्तुत लेखात बालकांना मनोविकारांवरील औषधे देण्याविषयी व्यक्त झालेल्या चिंतेचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेपुरते आणि एका प्रकरणात ब्रिटनपुरते मर्यादित ठेवले आहे. आधुनिक बाल-मनोविकार-औषधोपचाराचा आरंभ अमेरिकेत झाला, आणि त्याविषयीचा वाद तेथील कायदेमंडळ, न्यायालये व वैद्यकीय नियतकालिके यांच्या कागदपत्रांत नोंदला गेला, हे त्याचे कारण होय. ही चिंता केवळ 'औषध चांगले की वाईट' एवढ्यापुरती नव्हती. औषधाच्या यशाची साक्ष कोण देतो आणि ती साक्ष कितपत विश्वासार्ह आहे, हा तिचा खरा गाभा होता, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. 'गणिताच्या गोळ्या'

ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे १९३१ मध्ये एमा पेंडलटन ब्रॅडली होम ही संस्था सुरू झाली. मेंदूच्या दाहामुळे अपंगत्व आलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ जॉर्ज ब्रॅडली यांनी ठेवलेल्या संपत्तीतून हे बालरुग्णालय उभे राहिले. त्यांच्याच कुळातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली पुढे तेथे वैद्यकीय संचालक झाले. त्या काळी मेंदूची क्ष-किरण प्रतिमा घेण्यापूर्वी मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढून त्या जागी हवा भरत असत. या तपासणीनंतर मुलांची डोकी असह्य दुखत. द्रवाची निर्मिती वाढावी या हेतूने ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही; परंतु काही मुलांच्या अभ्यासात अनपेक्षित सुधारणा झाल्याचे शिक्षकांच्या ध्यानात आले.

त्यानंतर ब्रॅडली यांनी ५ ते १४ वर्षे वयाच्या ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले व आपली निरीक्षणे १९३७ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ३० पैकी १४ मुलांच्या शालेय कामगिरीत ठळक फरक पडला होता, तर १५ मुले वागण्यात पूर्वीपेक्षा सौम्य झाली होती. उत्तेजक औषधाने मूल शांत व्हावे, हे त्यांना स्वतःलाही विरोधाभासी वाटले. मुलांनी या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले होते.

या निबंधाच्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, हा प्रयोग निवासी रुग्णालयात, रात्रंदिवस देखरेख ठेवणाऱ्या परिचारिका व शिक्षक यांच्या उपस्थितीत झाला होता. दुसरी अशी की, औषधाने लक्षणे दबल्यास त्यांमागील मूळ कारणे झाकली जाण्याचा धोका आहे, हे ब्रॅडली यांनी तेव्हाच नमूद केले होते. पुढील काळात औषध रुग्णालयाबाहेर गेले. ही देखरेख आणि ही सावधगिरी मात्र त्याच्यासोबत तितक्या प्रमाणात गेली नाही.

२. औषधाचा विस्तार आणि 'उपचारांतील अनाथ'

ब्रॅडली यांच्या निष्कर्षांकडे सुमारे दोन दशके फारसे कोणी वळले नाही, कारण अमेरिकन मनोविकारशास्त्रावर त्या काळी मनोविश्लेषणाचा पगडा होता. दरम्यान स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंड्रो पानिझ्झोन यांनी १९४४ मध्ये मिथाइलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. पत्नी मार्गरिट हिच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्याचे व्यापारी नाव 'रिटालिन' ठेवण्यात आले आणि १९५४ पासून ते बाजारात आले. आरंभी ते थकवा, मरगळ व नैराश्य यांसाठी प्रौढांना दिले जात असे. लिऑन आयझेनबर्ग व कीथ कॉनर्स यांनी जॉन्स हॉपकिन्स येथे मुलांवर केलेल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६० च्या दशकात 'अतिचंचल' मुलांसाठी त्याचा वापर रूढ होऊ लागला.

याच सुमारास औषधविषयक कायद्यात मूलगामी बदल झाला. १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या विषारी द्रावणाने शंभराहून अधिक माणसे दगावली होती व त्यांत अनेक मुले होती. पुढे थॅलिडोमाइडने युरोपात हजारो अर्भके जन्मतःच व्यंगग्रस्त झाली. या दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेने १९६२ मध्ये औषधाची परिणामकारकता सिद्ध करणे उत्पादकावर बंधनकारक केले. मुलांवर ओढवलेल्या आपत्तींतून घडलेल्या या कायद्याचा एक विपरीत परिणाम मुलांवरच झाला. मुलांवर चाचण्या घेणे खर्चाचे व जोखमीचे असल्याने कंपन्या त्या टाळू लागल्या आणि 'मुलांसाठी शिफारस नाही' असा मजकूर माहितीपत्रकावर छापून मोकळ्या होऊ लागल्या. डॉक्टर मात्र तीच औषधे मुलांना स्वतःच्या जबाबदारीवर देत राहिले. बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी अशा मुलांना 'उपचारांतील अनाथ' म्हटले. औषध मिळते, पण त्यामागे पुरावा नाही, ही अवस्था पुढील अनेक दशके कायम राहिली.

३. ओमाहा आणि १९७० ची सुनावणी

२९ जून १९७० रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकात एक बातमी प्रसिद्ध झाली. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराच्या ६२,००० शाळकरी मुलांपैकी ५ ते १० टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जात आहेत, असे तीत म्हटले होते. या आकड्याच्या अचूकतेवर आक्षेप घेण्यात आले. तथापि बातमीचा परिणाम व्हायचा तो झालाच. कृष्णवर्णीय नागरिकांत संशयाचे वातावरण पसरले. शाळांतील असंतोषावर उत्तर शोधण्याऐवजी मुलांनाच गुंगवले जात आहे, अशी भावना बळावली.

न्यू जर्सीचे प्रतिनिधी कॉर्नेलियस गॅलघर यांच्या अध्यक्षतेखाली २९ सप्टेंबर १९७० रोजी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. देशात सुमारे दोन लाख मुले उत्तेजक औषधे घेत असावीत, असा अंदाज तेथे शासकीय अधिकाऱ्यांनी सांगितला. गॅलघर हे नागरिकांच्या खाजगीपणाच्या हक्काचे पुरस्कर्ते असल्याने मुलाच्या शालेय दप्तरी 'मेंदूत किंचित बिघाड' अशी नोंद झाली तर ती आयुष्यभर त्याचा पाठलाग करील, ही भीती त्यांनी ठळकपणे मांडली. शिक्षणविषयक लेखक जॉन होल्ट यांनीही साक्ष दिली. वर्गाची रचना मुलाला सोसत नसेल तर बदल वर्गात करावयाचा की मुलात, हा प्रश्न त्यानिमित्ताने सार्वजनिक व्यासपीठावर आला.

याची दखल घेऊन आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने जानेवारी १९७१ मध्ये शिकागो विद्यापीठाचे डॅनिएल फ्रीडमन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची परिषद बोलाविली. परिषदेने औषधोपचाराला नकार दिला नाही. योग्य निदान झालेल्या मुलांना त्याचा लाभ होतो, असे तिने मान्य केले. मात्र निदान शाळेने नव्हे तर वैद्यकाने करावे, पालकांवर कोणतीही सक्ती होऊ नये आणि औषधांची जाहिरात थेट जनतेपुढे न करता केवळ वैद्यकीय मार्गानेच व्हावी, अशी बंधने तिने सुचविली. त्याच वर्षी प्रौढांकडून होणाऱ्या गैरवापरामुळे मिथाइलफेनिडेटचा समावेश कडक नियंत्रणाखालील औषधांच्या दुसऱ्या अनुसूचीत करण्यात आला. एकच द्रव्य प्रौढांच्या हाती धोकादायक मादक पदार्थ आणि मुलांच्या हाती उपचार ठरावा, ही विसंगती सामान्य पालकांना त्यानंतरही दीर्घकाळ गोंधळात टाकत राहिली.

४. मात्रा कोणाच्या सोयीची?

१९७० च्या दशकातील संशोधनाने या वादाला प्रयोगांचा आधार दिला. उत्तेजक औषधाने मूल शांत झाले म्हणजे त्याला विकार होताच, असा युक्तिवाद तोवर प्रचलित होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जुडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ निरोगी मुलग्यांना डेक्सट्रोअँफेटामिन दिले असता त्यांचीही चुळबुळ कमी झाली व अवधान वाढले. १९७८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या या निबंधाने 'विरोधाभासी परिणामा'ची कल्पना मोडीत काढली. औषधाला मिळणारा प्रतिसाद हा निदानाचा पुरावा होऊ शकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याहूनही अर्थपूर्ण ठरला तो इलिनॉय विद्यापीठातील रॉबर्ट स्प्रेग व एस्थर स्लीटर यांचा १९७७ चा निबंध. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत मुलांची शिकण्याची कामगिरी सर्वोत्तम होती. शिक्षकांना मात्र सर्वाधिक सुधारणा दिसली ती किलोमागे १ मिलिग्रॅम या मात्रेत, आणि त्या मात्रेत मुलांची शिकण्याची कामगिरी खालावत होती. याचा सरळ अर्थ असा की, शिक्षकाच्या समाधानावरून मात्रा ठरविली तर मूल अधिक निमूट होईल. पण ज्या शिक्षणासाठी औषध द्यावयाचे तेच कदाचित मागे पडेल. 'निमूट' आणि 'निरोगी' यांतील अंतर येथे प्रथमच मिलिग्रॅममध्ये मोजले गेले, असे म्हणता येईल.

१९८२ मध्ये स्लीटर यांनी आणखी एक साधा पण दुर्लक्षित प्रश्न विचारला. औषध घेणाऱ्या मुलांना औषधाविषयी काय वाटते? अनेक मुलांना ते आवडत नव्हते, ती ते टाळण्याच्या युक्त्या करीत आणि डॉक्टरांपुढे मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत. तपासणीच्या खोलीत मूल खरे बोलतेच असे नाही, हा निष्कर्ष चिकित्सकांना अंतर्मुख करणारा होता. समाजशास्त्राच्या अंगाने पीटर कॉनरॅड यांनी याच दशकात, समाजाला अडचणीचे वाटणारे वर्तन 'रोग' म्हणून परिभाषित होण्याच्या प्रक्रियेचे विश्लेषण केले. त्यांच्या १९७६ च्या ग्रंथाने 'वैद्यकीकरण' या संकल्पनेच्या अभ्यासाला चालना दिली.

याच स्प्रेग यांनी १९८३ च्या अखेरीस राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेला पत्र लिहून आपले सहकारी स्टीफन ब्रूनिंग यांच्या संशोधनाविषयी गंभीर शंका उपस्थित केली. संस्थांतील मतिमंद व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या औषधांविषयीचे ब्रूनिंग यांचे निबंध उपचारांचे धोरण ठरविताना आधार म्हणून घेतले जात होते. त्यांतील बराचसा भाग प्रत्यक्ष न केलेल्या कामावर आधारलेला असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले व १९८८ मध्ये ब्रूनिंग यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या रुग्णांविषयीचे खोटे संशोधन वर्षानुवर्षे खपून जाऊ शकते, हा या प्रकरणाचा धडा होता.

५. वाढता वापर आणि दीर्घकालीन पुराव्याची उणीव

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने 'अवधान-न्यूनता विकार' ही संज्ञा रूढ केली व १९८७ च्या सुधारित आवृत्तीत तिला अतिचंचलतेची जोड मिळाली. १९९१ मध्ये शिक्षण खात्याने अशा मुलांना विशेष शिक्षणाच्या सवलती मिळू शकतात, असे स्पष्ट केले. गरजू मुलांना याचा लाभ झाला. परंतु मदत मिळविण्यासाठी निदान आवश्यक ठरल्याने निदानाची मागणीही वाढली. १९९० च्या दशकात मिथाइलफेनिडेटचे उत्पादन अनेक पटींनी वाढले.

या औषधांविषयीची सर्वांत मोठी शासकीय चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ७ ते ९ वर्षांची ५७९ मुले चार गटांत विभागली होती. १४ महिन्यांच्या अखेरीस, काळजीपूर्वक देखरेखीखाली औषध घेणाऱ्या मुलांची मुख्य लक्षणे केवळ वर्तनोपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली होती. या निष्कर्षाला मोठी प्रसिद्धी मिळाली. नियोजित उपचारांचा काळ संपल्यावर या मुलांचा मागोवा पुढे चालू राहिला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या पाहणीत चारही गटांतील फरक नाहीसा झाल्याचे दिसले. औषध सातत्याने घेणाऱ्या मुलांच्या उंचीची वाढ काहीशी मंदावल्याचेही आढळले. अल्पकाळात स्पष्ट दिसणारा लाभ दीर्घकाळात तसाच टिकतो, असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून निश्चित झाले.

फेब्रुवारी २००० मध्ये ज्युली झिटो व सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २ ते ४ वर्षांच्या बालकांना दिल्या जाणाऱ्या औषधांविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९९१ ते १९९५ या काळात इतक्या लहान वयातील वापर लक्षणीय वाढला होता; वस्तुतः त्यांपैकी बहुतेक औषधांची या वयोगटासाठी पुरेशी चाचणीच झालेली नव्हती. पुढील महिन्यात याविषयी व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली. २००१ मध्ये कनेक्टिकट राज्याने शालेय कर्मचाऱ्यांना अशा औषधांची शिफारस करण्यास मनाई केली. २००४ च्या केंद्रीय कायद्यानुसार, नियंत्रित औषध घेण्याची अट मुलाच्या शाळाप्रवेशाला घालता येणार नाही, असे ठरले. १९७१ च्या परिषदेने केलेल्या सूचनेला कायद्याचे रूप मिळण्यास तेहतीस वर्षे लागली.

६. अध्ययन क्रमांक ३२९

येथवरच्या वादात निदान प्रसिद्ध झालेला पुरावा तरी खरा मानून चर्चा होत होती. २००१ नंतर तो आधारही डळमळला. ब्रॅडली यांच्या रुग्णालयापासून नदीपलीकडे असलेल्या प्रॉव्हिडन्स शहरातील ब्राउन विद्यापीठाचे मार्टिन केलर हे एका बहुकेंद्री चाचणीच्या निबंधाचे पहिले लेखक होते. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीच्या या चाचणीला 'अध्ययन ३२९' म्हणून ओळखले जाते. तीत नैराश्यग्रस्त २७५ किशोरवयीनांना पॅरोक्सेटिन, इमिप्रॅमिन किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली होती. जुलै २००१ मधील निबंधात पॅरोक्सेटिन परिणामकारक व सामान्यतः सोसवणारे असल्याचे सांगितले होते. आत्मघाताकडे झुकणाऱ्या काही घटना तीत 'भावनिक अस्थिरता' या सौम्य शीर्षकाखाली नोंदल्या होत्या.

वस्तुतः आरंभी ठरविलेल्या मुख्य निकषांवर हे औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलेच नव्हते. परिणामकारकता सिद्ध झाली नाही असे नमूद करणे व्यापारी दृष्ट्या परवडणारे नाही, अशा आशयाचा कंपनीचा १९९८ चा अंतर्गत दस्तऐवज २००४ मध्ये उजेडात आला.

हा प्रकार उघड होण्यामागे एक विलक्षण योगायोग होता. 'उपचारांतील अनाथां'ची अवस्था सुधारावी म्हणून १९९७ च्या कायद्याने, मुलांवर चाचणी करणाऱ्या कंपनीला सहा महिने अधिक विक्रीचा एकाधिकार देऊ केला होता. या लाभासाठी सादर झालेल्या माहितीची छाननी करताना अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांचे लक्ष 'भावनिक अस्थिरता' या शीर्षकाकडे वेधले गेले. ब्रिटनमधील औषध नियंत्रकांनी जून २००३ मध्ये अठरा वर्षांखालील रुग्णांना पॅरोक्सेटिन देऊ नये, असे जाहीर केले आणि त्या वर्षाअखेरीस फ्लुओक्सेटिन वगळता त्या वर्गातील बहुतेक औषधांना तोच इशारा लागू केला. अमेरिकेत प्रशासनातील अँड्र्यू मोशोल्डर यांनी धोका असल्याचा निष्कर्ष काढला होता. परंतु फेब्रुवारी २००४ च्या सल्लागार समितीपुढे तो मांडण्याची अनुमती त्यांना मिळाली नाही. मुले गमावलेल्या अनेक पालकांनी त्या बैठकीत आपली कैफियत मांडली. पुढे २४ चाचण्यांतील ४,४०० हून अधिक मुलांच्या माहितीचे नव्याने वर्गीकरण झाले. आत्मघाताचे विचार वा कृती यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळले. या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश निघाला.

जून २००४ मध्ये न्यूयॉर्कचे महाअधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी माहिती दडविल्याबद्दल कंपनीवर दावा दाखल केला. तडजोडीत कंपनीने चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी, पूर्वनोंदणी न झालेल्या चाचण्यांचे निबंध स्वीकारणार नाही, असे घोषित केले. २०१२ मध्ये कंपनीने अनेक आरोप एकत्रितपणे मिटविताना ३ अब्ज डॉलर भरले. पॅरोक्सेटिनची अठरा वर्षांखालील रुग्णांसाठी केलेली अवैध जाहिरात हा त्यांतील एक आरोप होता. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी अध्ययन ३२९ च्या मूळ माहितीचे पुनर्विश्लेषण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. औषध परिणामकारक नव्हते आणि अपाय मूळ निबंधात दाखविल्यापेक्षा अधिक होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

७. निदानाचा फुगवटा आणि निराधार मुले

याच सुमारास आणखी एका क्षेत्रात चिंतेचे कारण निर्माण झाले. १९९४–९५ मध्ये दर लाख मुलांमागे डॉक्टरांकडील २५ भेटींत 'द्विध्रुवी विकार' असे निदान होत असे. २००२–०३ मध्ये हा आकडा १,००३ वर गेला. एखादा विकार आठ वर्षांत चाळीस पटींनी वाढत नाही. निदान करण्याची रीत मात्र वाढू शकते. या निदानासोबत मनोविक्षिप्ततेवरील नवी औषधे मुलांना दिली जाऊ लागली. ही औषधे प्रथमच घेणाऱ्या मुलांचे वजन सुमारे अकरा आठवड्यांत औषधपरत्वे सरासरी ४.४ ते ८.५ किलोंनी वाढल्याचे २००९ मधील एका अभ्यासात दिसून आले. या निदानाचे प्रमुख पुरस्कर्ते, हार्वर्डचे जोसेफ बीडरमन यांनी २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून मिळालेल्या किमान १६ लाख डॉलर्सपैकी बरीच रक्कम विद्यापीठाला कळविली नव्हती, हे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीतून २००८ मध्ये उघड झाले. २०१३ च्या निदान-पुस्तिकेत सतत चिडचिड करणाऱ्या मुलांसाठी वेगळे निदान समाविष्ट करण्यात आले. द्विध्रुवी निदानाला आळा बसावा, हा त्यामागील एक हेतू होता.

या वापराचा भार सर्व मुलांवर सारखा पडला नाही. आईवडिलांपासून दुरावलेल्या व शासनाच्या पालकत्वाखाली इतर कुटुंबांत वाढणाऱ्या मुलांविषयीचा शासकीय लेखा-तपासणी कार्यालयाचा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच राज्यांतील २००८ च्या नोंदींनुसार, शासकीय आरोग्य योजनेतील इतर मुलांच्या तुलनेत या मुलांना मनोविकारांवरील औषधे मिळण्याचे प्रमाण २.७ ते ४.५ पट अधिक होते. या मुलांनी अधिक आघात सोसलेले असतात, हे त्याचे एक कारण निश्चितच आहे. परंतु ज्या मुलाला नेमाने ओळखणारे एकही मोठे माणूस नाही, त्याच्यावर औषधाचा काय परिणाम झाला हे सांगणार कोण, हा प्रश्न येथे सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो. गोळीला लागणारा वेळ थोडा. मायेला लागणारा वेळ फार.

८. चिंतेची दुसरी बाजू

या इतिहासाचे एकांगी वाचन होण्याचा धोका आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे. सायंटॉलॉजी पंथाने स्थापन केलेल्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिटालिनविरुद्ध मोठी मोहीम चालविली. तिचा रोख एखाद्या औषधाच्या गैरवापरापेक्षा मनोविकारशास्त्रावरच होता. अशा मोहिमांमुळे गरजू मुलांचे पालक भयभीत झाले आणि दुसरीकडे रास्त शंका घेणाऱ्यांवरही पंथीय प्रचाराचा शिक्का बसू लागला.

शिवाय उपचार न करण्यालाही किंमत असते. किशोरवयीन नैराश्य हा जीवघेणा विकार आहे. ऑगस्ट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३९ किशोरवयीनांच्या शासकीय चाचणीत, फ्लुओक्सेटिन व बोधात्मक वर्तनोपचार एकत्र मिळालेल्यांपैकी ७१ टक्के, केवळ फ्लुओक्सेटिन मिळालेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के, तर निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांत सुधारणा दिसली. चौकटीतील इशाऱ्यानंतर अमेरिकेत या औषधांचा वापर घटला. त्यामुळे तरुणांच्या आत्महत्या वाढल्या, असे काही संशोधकांनी प्रतिपादिले. इशारा वर्षअखेरीस आला असताना त्या संपूर्ण वर्षातील वाढीचे खापर त्यावर कसे फोडता येईल, असा प्रतिप्रश्न इतरांनी केला. वाद मिटलेला नाही. पण अतिरेकी भीती आणि अतिरेकी विश्वास या दोहोंची झळ अखेर मुलालाच लागते, याविषयी दुमत नसावे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, या औषधांविषयीची चिंता ही विज्ञानविरोधी प्रतिक्रिया नव्हती. तिचे सर्वांत भक्कम आधार ब्रॅडली, रॅपोपोर्ट, स्प्रेग, स्लीटर यांसारख्या संशोधकांनीच पुरविले. दुसरा असा की, चिंतेचा रोख कालानुरूप बदलत गेला. १९७० मध्ये तो शाळेच्या सक्तीवर होता, २००४ मध्ये दडविलेल्या पुराव्यावर आणि २०११ मध्ये निराधार मुलांवरील अतिवापरावर. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, या तिन्ही प्रसंगी मुलाचा अनुभव दुसऱ्याच कोणाच्या तरी शब्दांत नोंदला गेला. शिक्षकाने त्याला 'सुधारणा' म्हटले, कंपनीने 'भावनिक अस्थिरता' म्हटले आणि शासकीय दप्तराने केवळ 'औषध सुरू' असे म्हटले.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने, स्वतःशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा हक्क मुलाला दिला आहे. अमेरिकेने या संहितेवर १९९५ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु तिला मान्यता दिलेली नाही. असे असले तरी त्याच वर्षी अमेरिकन बालरोग अकादमीने पालकांच्या परवानगीसोबत मुलाची स्वतःची सहमती घेण्याचे तत्त्व पुरस्कारिले. औषध देताना मुलाला त्याच्या समजेल अशा भाषेत सांगणे, काही आठवड्यांनी त्याला एकट्याला विचारणे आणि त्याचे उत्तर शिक्षक-पालकांच्या नोंदीइतक्याच गांभीर्याने टिपणे, ही फार मोठी सुधारणा वाटणार नाही. परंतु १९८२ मध्ये स्लीटर यांनी जे विचारले, तेच प्रत्येक दवाखान्यात नित्यनेमाने विचारले गेले असते, तर या इतिहासातील काही पाने वेगळी लिहिली गेली असती. निमूट मूल आणि निरोगी मूल यांतील फरक बाहेरून दिसत नाही. तो मुलालाच विचारावा लागतो.